पाच नंबरवरचं माहेर

मासुओसान सुस्कारा टाकतात तेव्हा आमच्या गल्लीला कळतं, की आज कुणाच्या तरी घरी टीव्ही रुसला आहे. हा सुस्कारा साधासुधा नसतो. तो गुडघ्यातून निघतो, कमरेशी थोडा अडकतो, छातीत येऊन जाड होतो आणि नाकावाटे बाहेर पडताना समोरच्या माणसाला उगाच अपराधी करून जातो. मी त्यांच्या दुकानासमोर माशाची कटलेटं तळतो. सकाळी माझ्या कढईतलं तेल तापायला आणि त्यांच्या दुकानातला फोन वाजायला एकच गाठ पडायची. फोन, मग सुस्कारा, मग व्हॅनचं दार. या क्रमात कधी बदल झालेला मी पाहिला नाही.

‘ओकुमोतो इलेक्ट्रिक’ अशी पाटी असलेलं हे दुकान आमच्या इवाहामातलं विजेच्या वस्तूंचं शेवटचं दुकान. आत मांडलेल्या वस्तू कोणी विकत घेतलेल्या मला आठवत नाहीत. मांडलेल्या फ्रीजमध्ये मासुओसानचा जवाचा गार चहा असायचा, मांडलेल्या पंख्यासमोर त्यांची बायको फुसाए वहिनी भाजी निवडायची आणि मांडलेल्या टीव्हीवर मी गिऱ्हाईक नसताना बेसबॉल बघायचो. खरा धंदा घरोघर चालायचा. गावात म्हातारी माणसंच उरलेली. त्यांनी टीव्ही बघायला म्हणून मासुओसानना बोलवायचं आणि आले आहेत तर माळ्यावरची पेटी काढून घ्यायची, बरणीचं झाकण उघडून घ्यायचं, ‘तुमचा मुलगा अपघातात सापडलाय’ असा फोन आला होता तो खरा की भामट्याचा, हे विचारून घ्यायचं. टीव्हीचं काय झालं होतं? प्लग निघाला होता. नेहमी प्लगच निघालेला असायचा.

“मासुओसान, तुम्ही यांना प्लगचं एकदा नीट समजावून का सांगत नाही?” मी एकदा विचारलं.

“समजावलं, तर पेटी कोण काढणार?” ते म्हणाले, आणि सुस्कारा टाकून माझं गरम कटलेट तोंडात कोंबून निघाले.

आता या माणसाच्या थकव्याचं मूळ सांगायचं, तर गावाचं एक खोटं सांगावं लागेल. आम्ही समुद्राच्या अलीकडे, तोकुशिमा प्रांतात. पलीकडे वाकायामा. आमच्या प्रांतात आपली म्हणावी अशी खाजगी वाहिनी एकच, आणि ती इतकी सभ्य की बघताना माणसाची पाठ आपोआप ताठ होते. मजा सगळी पलीकडे. विनोदी कार्यक्रम, खाण्याचे कार्यक्रम, दुपारची भांडणं, सगळं समुद्रावरून येणार. म्हणून आमच्या गावातले अँटेना आपल्या प्रांताच्या डोंगराकडे पाठ करून, समुद्राकडे मान लांबवून उभे. गावात पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, इथल्या छपरांना माहेरची आठवण येते आहे.

पुढे रेकॉर्डर आले. नवा रेकॉर्डर पहिल्यांदा सुरू केला की तो नम्रपणे विचारतो, आपण कुठे राहता? खरं उत्तर दिलं, की तो फक्त आपल्या प्रांताच्या वाहिन्या शोधतो आणि हात जोडून बसतो. म्हणून मासुओसान प्रत्येक घरात त्याला सांगायचे, वाकायामात. मग तो खूश होऊन पलीकडचं सगळं गोळा करायचा. त्यामुळे झालं असं, की सगळं गाव सरकारदरबारी तोकुशिमात आणि रेकॉर्डरच्या लेखी वाकायामात राहायचं. पडद्याच्या कोपऱ्यात हवामान यायचं ते पलीकडचं. आमच्या बायका तिकडचं ऊन बघून इकडे चादरी वाळत घालायच्या आणि भिजलेल्या चादरी काढताना हवामान खात्याला शिव्या द्यायच्या. पलीकडच्या निवडणुका आल्या, की आमच्याकडे वाद पेटायचे. सार्वजनिक न्हाणीघरात एकदा म्हातारा तांदूळवाला मानेपर्यंत पाण्यात बसून गरजला, “मी त्या टकल्याला मत देणार नाही!” त्याला सांगावं लागलं, की बाबा, तुला त्याने मागितलेलंही नाही.

बरं, नुसत्या ट्यूनरवर भागत नव्हतं. चित्राची बसवणूकही मासुओसान घर बघून करायचे. मासळी विकणाऱ्याच्या घरी रंग चढवलेला, कारण त्याला पडद्यावरचा मासासुद्धा शिळा दिसला की जेवण जात नसे. देवळातल्या भिक्षूंकडे प्रकाश उतरवलेला. ज्यांच्या नवराबायकोत अबोला आहे त्यांच्याकडे अक्षरं मोठी, कारण आवाज कोणी वाढवायचा यावरूनच अबोला सुरू झालेला. अशी गावाची सगळी घरं त्यांच्या अंगठ्यात होती. आणि म्हणूनच दुसऱ्या कुणा कारागिराला त्या यंत्रांत हात घालता येईना. शहरातल्या मोठ्या दुकानातला माणूस आला तर बिचारा चक्रावून जायचा, की हे गाव आहे कुठे. मासुओसाननी स्वतःसाठी इतका बळकट पिंजरा विणला होता, की त्यातून त्यांना स्वतःलाच बाहेर पडता येत नव्हतं.

मग टीव्ही प्रक्षेपणाची जुनी पद्धत बंद व्हायचा उन्हाळा आला. जुलैतल्या एका रविवारी, भर दुपारी, साऱ्या देशातलं जुनं प्रक्षेपण बंद होणार आणि पुढे फक्त डिजिटल. समुद्रावरून येणारं डिजिटल भरवशाचं नाही, म्हणून गावात केबल आली. केबलवर ओसाकाच्या वाहिन्या आयत्या मिळणार होत्या. अट एकच, रेकॉर्डरला आता खरं सांगायचं: आम्ही तोकुशिमात राहतो.

म्हणजे मासुओसाननी इतक्या वर्षांत घरोघर सांगितलेलं खोटं, त्यांनीच घरोघर जाऊन मागे घ्यायचं. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून थोरले. आणि त्यात फुसाए वहिनीचा हुकूम: ओबोनच्या, म्हणजे ऑगस्टातल्या पितरांच्या सणाच्या, आधी दुकान कायमचं बंद.

“ओबोनला मेलेली माणसंसुद्धा घरी येतात,” वहिनी त्यांना म्हणाली. मी कटलेटं द्यायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोर. “तुम्ही जिवंत आहात, अहो. निदान त्यांच्या आधी या.”

“येतो.”

“आणि छपरावर चढायचं नाही.”

“नाही चढत.”

“मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. तेव्हा तुम्ही छपरावरूनच म्हणाला होतात.”

त्या उन्हाळ्यात मासुओसान एकेक घर सोडवत गेले. यंत्राला गाव बदलून सांगितलं, की ते सगळ्या वाहिन्या नव्याने शोधायला घेतं आणि शोधताना जुनं सगळं विसरतं. कुणी रेकॉर्डिंगला लावून ठेवलेली मालिका, कुणी लावून ठेवलेली कुस्ती, सगळं पुसून साफ. मग म्हाताऱ्यांचा संताप. एका आजीबाईंनी त्यांना विचारलं, की माझी नायिका उद्या न्यायालयात खरं बोलणार होती, ते आता कोण बघणार? मासुओसान गुडघे टेकून, वाकून माफी मागायचे, पुन्हा सगळं लावून द्यायचे आणि बाहेर आले की व्हॅनच्या सावलीत बराच वेळ नुसते उभे राहायचे. माणूस उभा राहून झोपू शकतो, हे मला त्या वर्षी कळलं.

ऑगस्ट लागला तेव्हा एकच घर उरलं होतं. तोमी काकूंचं.

तोमी काकू ऐंशीच्या पुढच्या. बंदराच्या कडेला एकट्या राहतात. त्या पलीकडच्या. वाकायामाच्या किनाऱ्यावरच्या हिनोउरा नावाच्या मासेमारांच्या गावातून लग्न होऊन बोटीने इकडे आल्या, तेव्हा मासुओसान अर्ध्या चड्डीत धक्क्यावर नवरी बघायला गेले होते. त्यामुळे काकू अजूनही त्यांना अर्ध्या चड्डीतच बघतात. काकूंचे वडील होड्यांच्या बुडाला लावायचा लाल रंग उरला की घराच्या पत्र्यावर फासायचे. साऱ्या गावात लाल छप्पर एकच. इकडे येताना बोटीतून मागे बघितलं, तर गाव दिसेनासं झाल्यावरही ते लाल टिंब तेवढं दिसत होतं, असं काकू सांगतात. आम्ही सगळ्यांनी ते इतक्यांदा ऐकलं आहे, की आम्हालाही ते टिंब आठवतं.

आणि पलीकडचं एक लहानसं स्टेशन, रिमोटवरचं पाच नंबरचं बटण, रोज संध्याकाळच्या बातम्यांआधी मिनिटभर किनाऱ्याचं चित्र दाखवतं. डोंगरावर बसवलेला कॅमेरा सावकाश फिरतो. दीपगृह, मग धक्का, मग हिनोउराची उतरण. बोलणं नाही, मागे मंद पेटी वाजते आणि खाली उद्याचं तापमान. उतरणीवर, डावीकडे, एक लाल टिंब. काकूंकडे रेकॉर्डर होता तो फक्त याच्यासाठी. टीव्हीवर ते टिंब येतं आणि जातं. रेकॉर्डरवर ते थांबवता येतं. रोज संध्याकाळी काकू ते मिनिट लावायच्या, टिंब आलं की बटण दाबायच्या आणि चित्र तिथेच ठेवून चहा प्यायच्या. आम्ही म्हणायचो, काकू माहेरी गेल्यात, नंतर या.

जुनी पद्धत बंद झाली त्या दुपारी त्यांच्या पडद्यावर खरखर आली. केबलवाल्यांना विचारलं, तर केबलवर पाच नंबर नाही. ओसाका सगळं आहे. हे एवढंच नाही.

“काकू, आता केबल घ्या,” मासुओसान म्हणाले. मीही बरोबर होतो, आणि माझी बरोबर असण्याची जी किंमत असते, म्हणजे पिशवीभर कटलेटं, ती काकूंच्या ओट्यावर ठेवलेली होती. “ओसाकाचं चित्र बघा किती स्वच्छ येतं.”

“ओसाका माझं माहेर आहे का?”

“नाही, पण...”

“तुझ्या बायकोला माहेरी जायचं असलं तर तू तिला ओसाकाला सोडून येतोस का?”

“तिचं माहेर मागच्या गल्लीत आहे, काकू.”

“मग तुला काय कळणार?” काकू म्हणाल्या आणि विषय संपला.

मासुओसाननी सुस्कारा टाकला. त्यांनी त्यांच्या दुकानातला शेवटचा डिजिटल रेकॉर्डर काकूंसाठी आणला, त्याला शेवटचं खोटं सांगितलं, की आपण वाकायामात राहतो, आणि त्याला पलीकडचं शोधायला लावलं. यंत्र शोधत राहिलं. शेवटी म्हणालं, सिग्नल नाही.

मग छप्पर आलं. मासुओसानना बंदी होती. माझ्यावर तशी बंदी घालायचं माझ्या बायकोला सुचलं नव्हतं, आणि नंतर मी तिला विचारलं तेव्हाही तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी अंगाने भरलेला. शिडीला माझा स्वभाव पसंत नव्हता आणि मला तिचा. कौलं तापलेली, खाली समुद्र तव्यासारखा सपाट. मी अँटेनाच्या खांबाला मिठी मारून बसलो. खाली अंगणात मासुओसान, खिडकीत काकू, आत टीव्ही.

“डावीकडे फिरव!” मासुओसान ओरडले.

“माझ्या डाव्या की तुमच्या?”

“वाकायामाच्या!”

“मी वाकायामात कधी गेलोय?”

“कोसाकु, समुद्राकडे बघ आणि जरा डावीकडे! काकू, काय दिसतंय?”

“चौकोन,” खिडकीतून आवाज आला.

“कसले चौकोन?”

“टोफूचे. हिरवे, निळे. कोणीतरी माझं गाव सुरीने कापलंय.”

मी आणखी थोडं फिरवलं. चौकोन वाढले. आणखी फिरवलं, तर काकूंना स्पॅनिश शिकवणारी बाई दिसली, ती आपल्याच प्रांतातून येत होती. उकाड्याच्या, वारा पडलेल्या संध्याकाळी समुद्रावरचा सिग्नल वाकडातिकडा होतो, हे आमच्याकडे कोळ्याच्या पोरालाही माहीत. पण एवढा?

मासुओसाननी आयुष्यभर एकच औषध दिलं होतं: चित्र कमी पडलं, की सिग्नल वाढवणारा बूस्टर लावा. त्यांनी बूस्टर लावला. दुसऱ्या दिवशी दुसरा लावला. मग खांब उंच केला, म्हणजे मी केला. चित्र काही येईना. रोज संध्याकाळी ते मिनिट यायचं आणि चौकोन होऊन निघून जायचं. काकू टीव्हीसमोर गादीवर बसायच्या, रिमोट मांडीत, अंगठा बटणावर ठेवलेला. थांबवण्याजोगं काही आलं नाही की रिमोट टीव्हीवरच्या कापडाखाली ठेवायच्या आणि विचारायच्या, “उद्या येशील ना, मासुओ?”

दुकानात खोकी भरायला घेतली होती. फुसाए वहिनीने मांडलेला फ्रीज रिकामा करून पुसून ठेवला होता, त्यामुळे चहाही गार मिळेना. एका संध्याकाळी मासुओसान खोक्यावर बसले आणि म्हणाले, “कोसाकु, मला वाटायचं की शेवटच्या दिवशी बरं वाटेल.”

“मग?”

“नुसतं बसावंसं वाटतंय.”

“बसा की.”

“बसलोय. तरी बसावंसं वाटतंय.”

वहिनी पंख्यापाशी होती. ती म्हणाली, “तिला सांगून टाका ना अहो, की होत नाही म्हणून. म्हातारी आहे, समजून घेईल.”

“समजून घेईल,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगवत नाही.”

ओबोनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शेवटचं गेलो. दुसऱ्या दिवशी दुकान राहणार नव्हतं. काकूंनी पितरांना घरी बसून यायला काकडीचा घोडा करून ठेवला होता, काड्यांचे चार पाय लावून. आम्हाला कलिंगड कापून दिलं. मासुओसान यंत्रासमोर पाय पसरून बसले, कारण आता ते दुमडत नव्हते. मी त्यांना धीर द्यावा म्हणून बोलत होतो. म्हणजे मी नेहमीच बोलत असतो, पण त्या दिवशी जरा मनापासून. आकाश आज निवळलंय, वारा सुटेल, मागे एकदा अमुक झालं होतं, माझ्या मेहुण्याचा अँटेना असाच होता. मधे काकू काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणालात, काकू?” मासुओसाननी विचारलं.

काकू पुन्हा म्हणाल्या. मी अजून मेहुण्यावरच होतो.

“कोसाकु, जरा गप्प बस रे. तुझ्या आवाजात मला त्यांचं काही ऐकू येत नाही.”

मी गप्प बसलो. काकू म्हणाल्या, “मी म्हणत होते, कलिंगडाला मीठ लावू का.” पण मासुओसानचं लक्ष नव्हतं. ते खिडकीतून गावामागच्या डोंगराकडे बघत होते. तिथे आमच्या प्रांताचा नवा मनोरा, हाताच्या अंतरावर, सरळ काकूंच्या छपरावर ओरडणारा. आणि पलीकडचा आवाज समुद्र ओलांडून येणारा, बारीक. बूस्टर लावला, की दोन्ही मोठे होणार. म्हणजे ओरडणारा आणखी ओरडणार.

“उलटं,” ते म्हणाले. “सगळं उलटं केलं मी.”

त्यांनी मला छपरावर पाठवलं, ते बूस्टर काढायला. एक काढला, दुसरा काढला. मग त्यांनी यंत्राच्या ट्यूनरच्या बसवणुकीत जाऊन, येणारा सिग्नल मंद करण्याची एक सोय असते, ती चालू केली. आयुष्यभर जो माणूस वाढवत आला, त्याने शेवटच्या दिवशी कमी केलं. अँटेना मी थोडा डोंगराकडून आणखी फिरवला, पुरता पाठमोरा. पुन्हा शोध. यंत्र एकेक आकडा चढत गेलं आणि पाच नंबरवर थांबलं.

मी शिडीवरून उतरलो तेव्हा आत पेटी वाजत होती.

असं चित्र मी पाहिलं नव्हतं. मी कौलांवर इतके दिवस ज्या गावाला शिव्या घातल्या, ते गाव समोर होतं. दीपगृहाची पांढरी भिंत, तिच्यावरचं गंजाचं ओघळलेलं पाणी. धक्क्यावर जाळी, जाळ्यांवर चाललेलं मांजर. कॅमेरा सावकाश वळला. उतरण आली. डावीकडे लाल टिंब आलं, आणि काकूंनी बटण दाबलं.

तो पेट्रोल पंप होता.

लाल, चौकोनी, नवा कोरा फलक लावलेला पंप. त्यावर तेलाचे भावसुद्धा वाचता येत होते. एक टोपीवाला माणूस गाडीची काच पुसत होता. पंपाच्या मागे उतरण, तिच्यावर हिरवी झाडी आणि काही राखाडी छपरं. लाल काही नाही. जुन्या, भुरकट, मुंग्या आलेल्या चित्रात इतकी वर्षं काकू ज्याच्यासमोर चहा पीत होत्या, तो हा.

मी, ज्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसते असा मी, छताकडे बघायला लागलो. मासुओसाननी दुसरा, टीव्हीचा रिमोट उचलला, सावकाश, जणू तो जड आहे, आणि मेनू उघडला. चित्राची बसवणूक. शार्पनेस खाली. आणखी खाली. टोपीवाला माणूस विरघळला. गोंगाट कमी करायची सोय बंद केली, तेव्हा चित्रावर बारीक रवा पसरला. काळा रंग थोडा उठवला, तेव्हा झाडी धुरकटली. भाव पुसले गेले. फलकाच्या कडा गोल झाल्या. शेवटी उतरणीवर, डावीकडे, एक लाल टिंब उरलं.

काकू बघत होत्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“असं होतं,” मासुओसान पुटपुटले. “नव्या यंत्रांना आधी जरा... चित्र फार कडक असतं. बसवावं लागतं.”

“मासुओ.”

“हो, काकू.”

“तुला अर्ध्या चड्डीतही खोटं बोलता येत नव्हतं.”

मासुओसान रिमोटकडे बघत राहिले.

“थोरल्या भावाने जमीन विकली तेव्हा सहीला मी गेले होते,” काकू म्हणाल्या. “पंप झाला तेव्हा पुतण्याने बोलावलं होतं. तिथल्या बाकावर बसून मी आइस्क्रीम खाल्लं. बरं होतं. घर त्याच्या जरा मागे होतं, वरच्या अंगाला. आता तिथे गाड्या धुतात.”

“मग...” मी म्हणालो. शेवटी मला राहवलं नाहीच. “मग काकू, तुम्ही रोज बघता काय?”

“तू कटलेट तळ,” काकू म्हणाल्या. मग त्या मासुओसानकडे वळल्या. “थोडं जास्त धूसर झालंय. धक्का दिसत नाहीये. धक्का दिसला पाहिजे, आई तिथे उभी होती. नि हे लाल राहू दे. तू नुसतं धूसर कर, पंप माझा मी काढते.”

मासुओसाननी शार्पनेस पुन्हा दोन घरं वर घेतला. धक्का आला. “बास?” “काळा जरा कमी कर. आमच्याकडे संध्याकाळी एवढा अंधार नसतो.” त्यांनी कमी केला. “आता?” “समुद्र फार निळा आहे. कुणी बघितलाय असा समुद्र? शिसं घाल त्यात.” त्यांनी रंग उतरवला. हे किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. दोघंही पडद्याकडे बघत, एक सांगतेय, एक अंगठा हलवतोय, जसं कुणी पाठ खाजवून घेताना सांगावं, जरा वर, जरा इकडे, हं, तिथेच. आणि त्या थकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, मी पूर्ण शुद्धीत सांगतो, सुस्कारा नव्हता.

“हं,” काकू शेवटी म्हणाल्या. “राहू दे आता. हात लावू नकोस.”

मासुओसाननी ते तसंच यंत्रात साठवून ठेवलं. मग रिमोट खाली ठेवायला म्हणून वाकले, आणि तिथेच, चटईवर, कलिंगडाच्या बशीशेजारी आडवे झाले. मला वाटलं कंबर सरळ करताहेत. बघतो तर डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. पायात अजून एकच मोजा होता, दुसरा कधी निघाला होता त्यांनाही माहीत नसावं.

मी हाक मारणार, तोच काकूंनी हात वर केला. त्यांनी एक पातळ चादर आणून मासुओसानच्या पोटावर टाकली. किटलीतला चहा ओतून घेतला. पडद्यावर सगळं थांबलेलं होतं, धक्का, शिशाचा समुद्र आणि ते लाल.

“कोसाकु,” त्या हळू म्हणाल्या, “बाहेर जाऊन फुसाएला फोन कर. म्हणावं, दुकान बंद झालं. माणूस जरा वेळाने जेवायला येईल.”